एका बोलावण्याचा खर्च

साहेबांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, तेव्हा खरं तर मी हवेत तरंगायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक आकडा खुपत होता. हसत उभी राहिले आपली, दुसरं काय करणार?

"प्रेस सेक्शनमधून या महिन्यात फिटरला एकही बोलावणं नाही!" साहेब बोट नाचवत म्हणाले. "एकही नाही! आपली बिजागरी इतकी स्वस्त आजवर कधी पडली नव्हती. आणि हे कुणामुळे? आपल्या कॉस्टिंगच्या बाईंमुळे."

कॉस्टिंगची बाई म्हणजे मी. आमचा कारखाना दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांचा. एका बिजागरीला पत्रा किती लागला, कामगाराचा वेळ किती गेला, हे कुणीही सांगेल. त्यासाठी मला पगार देत नाहीत. माझी गरज लागते ती उरलेल्या खर्चासाठी. वीज, पहारेकरी, झाडलोट, साहेबांची केबिन, यंत्रं दुरुस्त करणारा फिटर. यातलं काहीच एका बिजागरीचं म्हणून नसतं, पण कुणाच्या तरी माथी मारायला तर हवं! मी येण्याआधी तो सगळा खर्च एकत्र करायचे आणि माणसांच्या तासांवर वाटून मोकळे व्हायचे. म्हणजे पॅकिंगमध्ये बसून खोकी चिकटवणाऱ्या बायकांच्या डोक्यावरही फिटरचा खर्च. त्या बिचाऱ्यांनी फिटरचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसायचं. पाहुणे एकीचे आणि भांडी घासायची दुसरीनं, असला कारभार. मला तर बघूनच तिडीक यायची.

म्हणून मी नवी पद्धत बसवली. जो बोलावेल, खर्च त्याच्या नावावर. फिटर एखाद्या सेक्शनला गेला की ते एक बोलावणं, आणि एका बोलावण्याचा खर्च ठरलेला. तो त्या सेक्शनवर, आणि तिथून त्यांच्या मालावर. 'बोलावणं' हा शब्दही माझाच. साहेबांना तो इतका आवडला की येता-जाता म्हणायला लागले. पद्धत सरळ होती, न्यायाची होती, आणि कुणी तिला नावं ठेवली असती तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

पण एकही नाही? अहो, प्रेस सेक्शनला पूर्वी दिवसाआड फिटर लागायचा. पत्रा कापायच्या पाचही प्रेस जुन्या, कुरकुरणाऱ्या. त्या काय एकाएकी शहाण्या झाल्या? टाळ्या संपल्यावर मी साहेबांना तसं विचारलंही.

"माणसं काळजीनं वापरायला लागली," साहेब म्हणाले. "खिशाला चिमटा बसला की सगळ्यांना अक्कल येते. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

शिकवलं होतं खरं. पण त्या पाच प्रेसपैकी तिसऱ्या प्रेसवर माझा नवरा काम करतो. म्हणून ते उत्तर मला पटेना.

संध्याकाळी घरी परतताना मी त्याला विचारलं, "अहो, तुमच्याकडं फिटरचं काहीच काम निघत नाही का हल्ली?"

"चाललंय की सगळं झकास," तो म्हणाला. "टाळ्या मिळाल्या ना? मग झालं तर. तू तुझी बोलावणी मोज."

"तुमची प्रेस बरी आहे?"

"प्रेस आहे ती, सासू नाही. बरी असायला काय झालं तिला?"

हा माणूस असाच. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर जणू याची जीभ झिजेल. मी नाद सोडला. पण रात्री जेवताना वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं, आणि त्यानं ताटातले दोन्ही हात झटक्यात छातीशी ओढून घेतले. पाण्याचा पेला कलंडला. तोंडातला घास तोंडातच राहिला.

"काय हो हे, लहान पोरासारखं दचकताय!" मी हसले.

तो हसला नाही. हात छातीशी तसेच धरून त्यानं दाराकडं बघितलं, मग फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सांडलेलं पाणी त्यानं स्वतःहून पुसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं. मला वाटलं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचं काम सुरू झालं. प्रेस सेक्शनच्या फोरमनला सगळे मामा म्हणतात. ते मला रोज सकाळी खालून फोन करून आदल्या दिवसाचे आकडे सांगतात. प्रत्येक प्रेसला एक छोटं मीटर असतं. वरचा तो लोखंडी ठोकळा, ज्याला रॅम म्हणतात, तो जितक्या वेळा खाली येतो तितका आकडा पुढं सरकतो. रॅम एकदा आला म्हणजे एक तुकडा. तेव्हा मीटरचा आकडा आणि तुकड्यांचा आकडा जुळायला हवा. हल्ली काही दिवस तो जुळत नव्हता. मीटर पुढं, तुकडे मागं.

"मामा, तिसऱ्या प्रेसचं मीटर आजही जास्त दाखवतंय," मी म्हणाले.

"डबल आहे ते, सूनबाई."

"परत डबल? बरं, कापते."

"कापा, कापा. तुम्हाला ठाऊक आहे ना, मग झालं."

आमच्या कॉस्टिंगच्या धंद्यात डबल म्हणजे एकच आकडा चुकून दोनदा धरला जाणं. रोजची कटकट. डबल झालं की कापायचं, जुळवायचं, पुढं जायचं. मामांचा चष्मा जुना आणि मीटरवर धूळ, त्यामुळं मी मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडायची आणि वरचा आकडा कापून टाकायची. त्या दिवशीही कापला.

दुपारी फिटर वर माझ्या खोलीत आला. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण यंत्र तपासताना तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकतो. माझ्या पद्धतीवर तो मनातून खार खाऊन होता. खुर्ची ओढून माझ्या पंख्याखाली ऐसपैस बसला.

"आता मला बिनकामाचा बसवलात, तर निदान वारा तरी खाऊ द्या तुमच्या पंख्याचा," तो म्हणाला.

"खा की. वाऱ्याचा खर्च तुमच्या नावावर टाकते," मी म्हणाले.

"टाका! तेवढीच माझी आठवण राहील कुणाला तरी. प्रेसवाले तर मला पार विसरले. बघाल, एखादी प्रेस डबल मारायला लागली की मग येतील बोंबलत."

माझी पेन्सिल तिथंच थांबली.

"काय मारायला लागली की?"

"डबल हो. डबल मारणं माहीत नाही? कमाल आहे! नवरा प्रेसवर आणि तुम्हाला हे ठाऊक नाही?" त्यानं माझ्या टेबलावर डावा पंजा पसरला आणि उजव्या हाताची मूठ त्याच्यावर उंच धरली. "हे बघा. पायानं पेडल दाबलं की रॅम खाली येतो, पत्रा कापतो, वर जाऊन थांबतो." मूठ खाली आली, वर गेली. "तो थांबला की माणूस आत हात घालून तुकडा काढतो. पण आतली क्लचची चावी झिजली, स्प्रिंग मोडली, ब्रेक ढिला झाला, की रॅम वर जाऊन थांबतच नाही. पेडल न दाबता पुन्हा एकदा खाली येतो."

मूठ दुसऱ्यांदा पंजावर आली. टेबल हललं.

"हात तेव्हा आतच असतो," डॉक्टर म्हणाला.

मी उठले ते खुर्ची मागं पडली. डॉक्टर काय झालं, काय झालं म्हणून विचारत होता. "तिसरी," एवढंच म्हणत होते मी. "तिसरी प्रेस. रोज. मामा रोज मला सांगतात हो, आणि मी कापते!"

तो दुसऱ्यांदा विचारत बसला नाही. आम्ही दोघं जिन्याकडं धावलो. गुडघा दुखरा म्हणून तो मागं पडला, पण कठड्याला धरून उतरता उतरता वरून ओरडत होता.

"बाई, पळा, पण हाक मारू नका! मागून तर मुळीच नको! प्रेसवरचा माणूस दचकला की त्याचा हात कुठं जाईल सांगता येत नाही!"

"मग स्विच बंद करते!"

"नको! वीज गेली तरी प्रेसचं मोठं चाक फिरतच राहतं. थांबायच्या आधी एखादा ठोका घालायची ताकद असते त्याच्यात. शिवाय तुमचा नवरा एकदम मान वर करून बघेल दिवे का गेले म्हणून. तुम्ही नुसत्या समोर जाऊन उभ्या राहा. त्याला दिसाल अशा. तो आपणहून थांबेल तेव्हाच."

नुसतं उभं राहा! जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या मी कशा उतरले ते मला आठवत नाही. प्रेसच्या शेडचं दार ढकललं आणि आवाज अंगावर आला. रोज वरून ऐकते तो आवाज. वर बसून तो मला पैंजणासारखा गोड वाटायचा, कारण प्रत्येक ठोका म्हणजे एक तुकडा, प्रत्येक तुकड्यामागं खर्च तेवढा हलका. आता प्रत्येक ठोक्यामागं दुसरा तर येत नाही ना, एवढंच मी ऐकत होते.

तिसऱ्या प्रेसवर माझा नवरा वाकून बसला होता. मी यंत्रांच्या कडेनं, तेलकट फरशीवरून, चोरासारखी सावकाश पुढं सरकले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या लोखंडी तोंडात होतं. पत्रा ठेवला. पाय दाबला. रॅम आला, गेला. आणि मग त्यानं काय केलं, तर हात लगेच घातला नाही. क्षणभर थांबला, रॅमकडं बघितलं, मग हात आत घातला, तुकडा काढला. पुन्हा पत्रा. पुन्हा पाय. पुन्हा तो थांबला. हे थांबणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रॅम दुसऱ्यांदा येतोय की नाही हे तो प्रत्येक तुकड्याला जीव मुठीत धरून बघत होता, आणि हे किती दिवस चाललं होतं देव जाणे.

मला ओरडायचं होतं. अहो, थांबा! एवढंच. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला. माझी बोटं माझ्याच दुसऱ्या हातात इतकी घट्ट आवळली होती की नखं रुतली. पत्रा, पाय, ठोका, थांबणं, हात. पत्रा, पाय, ठोका, थांबणं, हात. मी मनात म्हणत होते, बघ की रे वर, एकदा बघ, जन्मात कधी माझ्याकडं बघितलं नसशील तसा बघ. मी त्याला कधी अरे-तुरे करत नाही. त्या वेळी मला त्याचंही भान नव्हतं.

"काय सूनबाई, आज इकडं कुठं?" मामा पलीकडून मोठ्यानं म्हणाले. मी त्यांच्याकडं असं बघितलं की म्हातारा जागच्या जागी गप्प झाला.

पत्रा. पाय. ठोका. आणि या वेळी थांबायच्या जागी त्यानं कपाळावरचा घाम खांद्याला पुसला, मान वळवली, आणि न बघताच हात पुढं केला.

रॅम पुन्हा खाली आला.

आवाज वेगळा आला, कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा. मी डोळे मिटले नाहीत. मिटता आलेच नाहीत. त्याचा हात बाहेर होता, रॅमपासून चार बोटांच्या अंतरावर. तो स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं मान वर केली, आणि तिथं मी उभी होते.

त्यानं पाय पेडलवरून काढला. स्टूल मागं सारलं, उठून बाजूला झाला. तेवढ्यात डॉक्टर लंगडत पोचला, त्यानं स्विच बंद केला आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. ते मोठं चाक कितीतरी वेळ फिरत होतं. ते पुरतं थांबलं तशी मी तिथल्याच पत्र्याच्या ढिगावर मटकन बसले.

"मामा!" बसल्या बसल्याच मी पहिली त्यांच्यावरच उखडले. "प्रेस डबल मारते आणि तुम्ही माणूस बसवता तिच्यावर? मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं नाही?" मामा कावरेबावरे झाले. "अहो, रोज सांगत होतो की! डबल आहे, डबल आहे म्हणून! तुम्ही म्हणालात, बरं, कापते. मला वाटलं ऑफिसला ठाऊक आहे. ऑफिसला चालतंय, मग मी कोण?"

ते डबल मीच तर कापत होते. कपाळ माझं!

कुणीतरी साहेबांना बोलावून आणलं. तोवर डॉक्टरनं झाकण उघडून मोडकी स्प्रिंग बाहेर काढली होती. साहेबांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही तो. पण सवय कुठं जाते? "हे बोलावणं कुणाच्या नावावर टाकायचं?" त्यांनी मामांना विचारलं.

"माझ्या नावावर टाका," मी म्हणाले. "कॉस्टिंगच्या. सगळं माझ्यावर टाका."

साहेब माझ्याकडं बघून कसंनुसं हसले. "तुमच्यावर टाकून ते तुमच्याकडं राहणार आहे का, बाई? कॉस्टिंगचा खर्च शेवटी सेक्शनवरच वाटतो आपण. आणि सगळ्यांत मोठा वाटा प्रेसवर येतो. तुम्हीच बसवलात तो."

खरंच होतं ते. मीच बसवला होता. माझा पगार, माझं टेबल, तो पंखा, सगळं शेवटी या लोकांच्याच डोक्यावर होतं. मी स्वतःवर काही घ्यायचं म्हटलं तरी ते फिरून त्यांच्याच अंगावर पडणार.

"ते वाटणं-बिटणं तुम्ही नंतर बघा," डॉक्टर खेकसला. तो अजून गुडघ्यावर बसून होता. "मला आधी एवढं सांगा, आणखी कुणाची प्रेस डबल मारते?"

बाकीचे चौघे कामगार भोवती उभे होते. एकमेकांकडं बघत राहिले. मग दुसऱ्या प्रेसवाल्यानं हात थोडासा वर केला. "कधी कधी," तो म्हणाला. मग पहिल्या प्रेसवाल्यानं. मग चौथ्यानं. साहेब एकेका हाताकडं बघत होते आणि मी बोटांकडं बघत होते. सगळी होती. मनात म्हटलं, सुटलो.

शेवटच्या प्रेसवर काम करणाऱ्याला सगळे मौनी म्हणतात, कारण तो दिवसभरात चार शब्द बोलला तर पुष्कळ. त्यानं डावा हात वर केला. उजवा पाठीमागं धरला होता.

"तो हात दाखव," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"दाखव म्हणते ना!"

त्यानं हात पुढं आणला. मधल्या बोटाला मशीन पुसायची चिंधी गच्च गुंडाळली होती. चिंधी काळी पडली होती, आणि जिथं बोट संपायला हवं त्याच्या आधीच ती संपत होती.

"कधी झालं?"

"परवा. जास्त नाही, वहिनी. शेंड्यापुरतं."

"परवा! आणि दवाखाना? कुणाला सांगितलं नाहीस?"

मौनी माझ्या नवऱ्याकडं बघायला लागला. मीही बघितलं. माझा नवरा फडक्यानं हाताचं ग्रीस पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता.

"दादालाच सांगितलं," मौनी हळू आवाजात म्हणाला. "दादा म्हणाला, वहिनीची पद्धत नवी आहे. पहिल्याच महिन्यात तिच्या नावाला बट्टा नको लागायला. एवढा महिना सांभाळून घेऊ. म्हणून मग आम्ही सगळ्यांनीच घेतलं सांभाळून."

इतका वेळ मी प्रेसला भीत होते. आता मला माझीच भीती वाटली. कालच्या टाळ्यांत हे पाचही जण मागं उभे होते, आणि मौनीचा हात तेव्हाही पाठीमागंच असणार. माझ्या नवऱ्यानं मान वर केली नाही. मी मौनीचा चांगला हात धरला आणि त्याला घेऊन दवाखान्यात निघाले.